मसाज थेरपी शिकायचीय: कुठं शिकू, आणि यावर घर चालेल का?

रानजाई
नमस्कार मंडळी, तीन वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी नाशिकची, वय ३६, एक मुलगी पाचवीत. अकरा वर्षं एका खाजगी कंपनीत बॅक ऑफिसला होते, मार्चमध्ये आमचं अख्खं डिपार्टमेंट बंद झालं. नवीन नोकऱ्या बघतेय पण खरं सांगायचं तर मन लागत नाहीये.

माझी आजी सिन्नरला बाळ-बाळंतिणींना न्हाऊमाखू घालायची. पाटावर बसून पाय लांब करायची आणि नडग्यांवर बाळ पालथं घ्यायची, आमच्या आळीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर आंघोळ करून मोठी झालीत. मागच्या वर्षी धाकट्या बहिणीचं बाळंतपण माझ्याकडे झालं, ठरवलेली मालिशवाली बाई चौथ्या दिवसानंतर आलीच नाही, मग मीच बसले. सव्वा महिना रोज सकाळी मालिश, शेक, धुरी सगळं केलं. पहिले दोन दिवस चाचपडत होते, नंतर हातालाच कळायला लागलं की हिची कंबर इथे धरलीये, इथे जरा थांबायला हवं. बहिणीच्या दोन मैत्रिणींनी बोलावलं, पैसे पण दिले. त्या पैशांचं मला जे वाटलं ते अकरा वर्षांच्या पगाराचं कधी वाटलं नव्हतं.

तर हे नीट शिकायचंय. तीन पर्याय बघितलेत. एक इथेच नाशकात, १५ दिवसांचा स्पा कोर्स, १८ हजार, "१०० टक्के जॉब गॅरंटी". दुसरा पुण्यात सहा महिन्यांचा, परदेशी बोर्डाचा डिप्लोमा, १ लाख ४० हजार. तिसरा म्हणजे केरळला जाऊन आयुर्वेदिक शिकायचं. जवळ दीड लाख आहेत, त्यापलीकडे एक रुपया नाही. नवरा कर म्हणतोय, सासूबाई नको म्हणतात, "मसाज" शब्दच त्यांना नको वाटतो. कोणी या लाईनमध्ये असेल तर मोकळेपणाने सांगा प्लीज.

औदुंबर_वैद्य
रानजाई, मी वैद्य आहे, साताऱ्यात पंचकर्म केंद्र चालवतो. मला सगळ्यात जास्त अडचण कसली असेल तर चांगल्या हाताच्या बायकांची. बीएएमएस झालेले डॉक्टर भरपूर आहेत हो, पण अभ्यंग करताना जिचा हात एका लयीत चालतो, तेलाचं तापमान जिला आपल्या मनगटावर थेंब टाकून कळतं, अशी बाई वर्षात एखादी मिळते.

तुम्हाला पंचकर्म टेक्निशियनचा रस्ता बघा असं सांगेन. केंद्र सरकारच्या आयुर्वेद संशोधन परिषदेची केरळमध्ये त्रिशूर जिल्ह्यात चेरुथुरुथीला पंचकर्माची संस्था आहे, तिथे वर्षभराचा टेक्निशियन कोर्स असतो. तुम्ही नुसतं "केरळला जाऊन" लिहिलंय म्हणून सांगतो, केरळच्या नावावर दहा दिवसांत सर्टिफिकेट देणारी दुकानंही खूप आहेत. द्रोणीवर, म्हणजे मालिशच्या लाकडी टेबलावर, दोन बाजूंनी दोघींनी एका तालात हात चालवायचा असतो, पिळिच्चिल नावाच्या उपचारात कोमट तेलाची धार न तुटता पिळत राहायची असते, आणि हे दहा दिवसांत कुणालाही येत नाही. आमच्याकडे अशी एक मुलगी आली होती, सर्टिफिकेट लॅमिनेट केलेलं, पण पत्रपोट्टली, म्हणजे शेकायची पानांची पुरचुंडी, बांधायला सांगितली तर पाचव्या मिनिटाला पेशंटच्या पाठीवर सुटली.

मुलगी पाचवीत आहे म्हणताय, तर वर्षभर घराबाहेर जमेल का हा विचार तुम्हीच करा.

मांडवीकाठ
मी गोव्यात आठ वर्षं स्पा थेरपिस्ट होते, दोन मोठ्या हॉटेलांत, आता स्वतःचं छोटंसं घेतलंय म्हापशाजवळ. सविस्तर लिहिते कारण मला हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

पहिलं सर्टिफिकेटचं. आपल्याकडे मसाज करणाऱ्याला देशभर चालेल असं सरकारी लायसन्स नाही, डॉक्टर-नर्सची असते तशी कुठली नोंदणी नाही. त्यामुळे कोणीही क्लास काढतं, सोनेरी शिक्का मारून कागद देतं. त्यातल्या त्यात अर्थ असलेले दोन प्रकार. एक म्हणजे स्किल इंडियाखालचे, ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचा असिस्टंट स्पा थेरपिस्ट आणि स्पा थेरपिस्ट असा कोर्स असतो, त्यात परीक्षक बाहेरून येतो. दुसरे परदेशी बोर्डाचे, सिडेस्को, सिबटॅक, आयटेक वगैरे. सिडेस्को झुरिकचं, १९४६ पासूनचं, क्रूझवर किंवा दुबईला जायचं असेल तर या नावांचा उपयोग होतो. पण क्लासच्या बोर्डवर लोगो आहे म्हणून विश्वास ठेवू नका, त्या बोर्डाच्या साईटवर सेंटरचं नाव आहे का ते स्वतः शोधा. मी ज्या क्लासला गेले तिथे लोगो होता, मान्यता दोन वर्षांपूर्वीच संपली होती, आम्हाला परीक्षेच्या महिन्यात कळलं. बाबांनी सोसायटीतून कर्ज काढून फी भरली होती. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

दुसरं, हॉटेलात इंटरव्ह्यूला कागद कोणी बघत नाही. मॅनेजर बाई सरळ टेबलवर झोपते, "पंचेचाळीस मिनिटं, सुरू कर" म्हणते. पहिल्या पाच मिनिटांत तिला कळतं. माझ्या ट्रायलला तिने डोळे मिटूनच सांगितलं, तू माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघतेयस, हाताला कळतंय.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमचं स्वतःचं शरीर. पहिल्या दोन वर्षांत मी सगळं अंगठ्यांनी करायचे. दिवसाला सहा-सात मसाज, सीझनला आठ पण केलेत. तिसऱ्या वर्षी सकाळी उठून दुधाच्या पिशवीला कात्री लावता येईना, अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायची. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे बंद. त्या सहा आठवड्यांत पगार शून्य. नंतर एका केरळी सिनियरने मला पहिल्यापासून उभं राहायला शिकवलं. टेबलच्या बाजूला सरळ उभं राहायचं, हात खाली सोडून मूठ वळायची, मुठीची हाडं टेबलला टेकली म्हणजे उंची बरोबर. एक पाय पुढे, एक मागे, जोर दंडातून काढायचा नाही, मागच्या टाचेतून कंबरेत आणि तिथून हातात येऊ द्यायचा. खोल दाबायचं तिथे कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग वापरायचा, अंगठा फक्त शोधायला. हे जो क्लास पहिल्या आठवड्यात शिकवत नाही तिथे पैसे भरू नका.

१५ दिवसांचा तर अजिबात नको.

ओवीची_आई
मांडवीकाठ ताई किती छान लिहिलंत! पगाराचं पण सांगा ना, सगळे तेच टाळतात.

मांडवीकाठ
सांगते की. मी सुरुवात केली ११ हजारांवर, राहणं-जेवण हॉटेलचं. सोडलं तेव्हा २४ होता. टिप्स सीझनला पगाराएवढ्या, पावसाळ्यात जवळपास काहीच नाही. सेल्सचं टार्गेट असतं, मसाज झाल्यावर तेल-क्रीम विकायचं, मला ते कधीच जमलं नाही. रानजाईंना घर चालवायचंय तर हॉटेलपेक्षा त्यांचं बाळंतिणींचंच काम जास्त सुरक्षित वाटतं मला, बाराही महिने असतं आणि ओळखीतून वाढतं. पण एकट्या हाताने दिवसाला चारच्या वर घेऊ नका, हे लिहून ठेवा.

तालमीतला
कोल्हापूरकडनं रामराम. आमच्या तालमीत मालिश म्हणजे रोजचंच, जोर-बैठका झाल्या की एकमेकाला रगडायचं, वस्ताद उभे राहून बघणार. कोर्स-बिर्स काय नाय. पण एक सांगतो ताई, वस्ताद पहिले सहा महिने आम्हाला दुसऱ्याच्या अंगाला हात लावू देत नव्हते, आधी स्वतः खाली पडून घ्यायचं. ज्यानं चुकीचा हात खाल्लेला नाय त्याला बरोबर हात कळत नाय. म्हणून क्लास बघायला जाल तेव्हा तिथल्या मास्तरणीला म्हणा, आधी माझ्या पाठीवर दाखवा. जी नाही म्हणेल तिथनं उठून या.

नीलमोहर_फिजिओ
मी फिजिओथेरपिस्ट, डोंबिवलीला प्रॅक्टिस. एक गोष्ट वाचून राहवेना.

रानजाई, तुम्हाला ज्या बायकांचं काम करायचंय, म्हणजे बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे, नेमक्या त्याच काळात पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. गरोदरपणात रक्त गोठण्याची क्षमता वाढलेली असते, त्यात सिझेरियन असेल, बाई पडून असेल, तर अजूनच. माझ्याकडे एका पेशंटचा भाऊ आला होता, बहीण चौदा दिवसांची बाळंतीण, डावी पोटरी दुखतेय, सुजलीये, मालिशवाली रोज जोर लावून रगडतेय कारण "वात धरलाय". मी मालिश ताबडतोब बंद करून तसंच हॉस्पिटलला न्यायला सांगितलं, सोनोग्राफीत गुठळी निघाली. ती सुटून फुफ्फुसात गेली असती तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही. त्या मालिशवाल्या मावशींची चूक मी म्हणणार नाही, त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

एकच पाय सुजलाय, गरम लागतोय, लाल दिसतोय, पोटरी दुखतेय, तर हात लावायचा नाही. ताप असेल तर नाही. सिझेरियनचे टाके भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोटावर नाही. म्हाताऱ्या माणसांची हाडं ठिसूळ असतील तर खोल दाब नाही. आणि बाळाच्या नाका-कानात तेल घालणं, छाती पिळणं, पाय धरून उलटं करणं हे सगळं बंद. आजी करत असतील, आमची पण करायची, तरी बंद.

माझ्या मते संस्था निवडायची कसोटी हीच, हात कधी लावायचा नाही हे तिथे किती तास शिकवतात. तिन्ही ठिकाणी जाऊन एकच प्रश्न विचारा, बाळंतिणीची एक पोटरी सुजलीये, काय करू? उत्तरावरून सगळं कळेल.

रानजाई
नीलमोहर ताई, तुमचं वाचून हात-पाय गार पडले. बहिणीचे पाय पण सुजलेले होते, दोन्ही होते, पण मी काहीच न विचारता चोळले. काही झालं नाही हे नशीब. आजीने नाका-कानात तेल घालायला शिकवलं होतं मला, मी भाच्याच्या कानात घातलंय. खूप अपराधी वाटतंय.

तिन्ही ठिकाणी हाच प्रश्न विचारते, मग लिहिते.

मेपल_पुणेकर
कॅनडातून लिहितोय, माझी बायको ऑन्टारिओत आरएमटी आहे, म्हणजे रजिस्टर्ड मसाज थेरपिस्ट. इकडे हे १९९१ च्या कायद्याखालचं नोंदणीकृत आरोग्य क्षेत्रातलं काम आहे, "मसाज थेरपिस्ट" हे नावच नोंदणीशिवाय लावता येत नाही. तिने कॉलेज केलं ते २२०० तासांचं, शरीररचना, शरीरक्रिया, पॅथॉलॉजी, मग कॉलेजच्या क्लिनिकमध्ये खऱ्या पेशंटवर काम, नंतर लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. पुण्यात ती बी.कॉम. करून अकाउंट्सला होती, ३८व्या वर्षी सुरू केलं. पहिल्या सेमिस्टरला रोज रात्री स्नायूंची नावं भिंतीवर चिकटवून पाठ करायची, पोरं तिची तोंडी परीक्षा घ्यायची. नोकऱ्यांमधून मिळणाऱ्या आरोग्य विम्यात बऱ्याचदा आरएमटीचे पैसे मिळतात, त्यामुळे काम सतत असतं. इथे कुणी तिला वेगळ्या नजरेने बघत नाही, तिच्याकडे फॅमिली डॉक्टर पेशंट पाठवतात.

१५ दिवस वाचून म्हणूनच धक्का बसला. दिवसाला सहा तास धरले तरी ९० तास होतात.

एडिसनकर
आमच्या न्यू जर्सीत ५०० तास आणि मग एमब्लेक्स नावाची परीक्षा, १०० प्रश्नांची. शेजारच्या न्यूयॉर्कला १००० तास. प्रत्येक राज्याचं वेगळं, काही राज्यांत तर राज्याचं लायसन्सच नाही. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसामागे, आलेल्या ज्या मुली विचारतात त्यांना माझं सांगणं असं की कोर्स करता येतो पण वर्क परमिट नसेल तर काम करता येत नाही, घरी पैसे घेऊन केलं तरी ते कामच धरतात, सो जपून. आणि भारतातला शॉर्ट कोर्स इकडे तासांत धरतील या भरवशावर राहू नका, ज्या राज्यात जाणार तिथल्या बोर्डाला आधी मेल करून लेखी उत्तर घ्या.

शेवंती६७
मी वयाने तुमच्या सासूबाईंच्या जवळपासची असेन, म्हणून त्यांच्या बाजूने दोन शब्द. त्यांची भीती खोटी नाही. पेपरात दर आठवड्याला "मसाज पार्लरवर छापा, पीटाखाली गुन्हा" असं छापून येतं, पीटा म्हणजे देहविक्रीविरोधी कायदा. त्यांच्या डोळ्यांसमोर तेच येणार. माझी सून सांगलीत फक्त बायकांसाठी केंद्र चालवते, सुरू केलं तेव्हा मीही चार दिवस जेवले नव्हते. मग तिने मला नेऊन सगळं दाखवलं. दारावर "फक्त महिलांसाठी", पुढच्या खोलीला काचेचं दार, प्रत्येकीची वही, त्यात आजार-ऑपरेशन-औषधं लिहिलेली, प्रत्येकीला पावती. मुलींना पांढरा कोट. चादर कशी पांघरायची तेसुद्धा शिकवलेलं, ज्या अंगाचं काम चाललंय तेवढंच उघडं, बाकी झाकलेलं. ते बघून माझा जीव भांड्यात पडला. मग तिने मलाच झोपवलं आणि माझा गुडघा धरला. आता मीच तिच्याकडे मैत्रिणींना पाठवते.

सासूबाईंना समजावत बसू नका हो. त्यांचे पाय चेपा रोज रात्री, काय शिकलात ते करून दाखवा.

रानजाई
अपडेट देते. तीनही प्रश्न-उत्तरं झाली.

नाशिकचा क्लास, एका खोलीत बावीस मुली, टेबल दोन. बाकीच्या मुली उशीवर हात फिरवत होत्या, खरंच उशीवर. मी विचारलं, बाळंतिणीची एक पोटरी सुजलीये तर? सर म्हणाले खालून वर जोरात चोळायचं, सूज उतरते. मी थँक्यू म्हणून बाहेर आले आणि जिन्यात दोन मिनिटं बसून राहिले.

पुण्याच्या क्लासला दिवसभर बसू दिलं. शिकवणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या, आधी दहा मिनिटं माझ्याशी बोलल्या, बीपी आहे का, कुठलं ऑपरेशन, औषध कुठलं, आणि मग मला टेबलवर झोपवून पाठ दाखवली (तालमीतले दादा, तुमचं ऐकलं!). त्यांचा हात पहिल्यांदा मानेपासून कमरेपर्यंत लांब फिरत आला तेव्हा मला एकदम आजीचीच आठवण आली, त्याला पुस्तकात एफ्लुराज म्हणतात एवढाच फरक. पोटरीचा प्रश्न विचारल्यावर त्यांनी हातच वर उचलले, म्हणाल्या "लगेच डॉक्टर, आणि त्या दिवशी तू फक्त बाळाचं कर." बोर्डाच्या साईटवर सेंटरचं नाव आहे, तपासलं. फी तीन हप्त्यांत द्यायला तयार आहेत, शनिवार-रविवारची बॅच आहे, रोज जायला नको, म्हणजे बस आणि बहिणीकडे मुक्काम. २५ खऱ्या माणसांवर मसाज करून प्रत्येकाची केस लिहून दिल्याशिवाय परीक्षेला बसवत नाहीत.

चेरुथुरुथी मनातून खूप आवडलं, वैद्यकाका, पण मुलीला वर्षभर सोडून जाववत नाही. ती दहावी झाली की बघेन.

औदुंबर_वैद्य
योग्य केलंत. सुट्टीत साताऱ्याला या, आठवडाभर केंद्रावर बसून बघा, फी वगैरे काही नको. तेल कसं सिद्ध करतात ते दाखवतो.

नीलमोहर_फिजिओ
उचललेले हात! या बाईंकडेच शिका. आणि अपराधी वाटून घेऊ नका, विचारलंत हेच मोठं आहे.

रानजाई
आठ महिन्यांनी आलेय, धागा वर काढते कारण दोघी-तिघींनी विपूत (विचारपुशीत) विचारलं.

कोर्स झाला, परीक्षा पास. पहिला महिना हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे स्नायू) आणि पोटरीचे स्नायू यातच गेला, अकरावीनंतर सायन्सचं पुस्तक उघडलं नव्हतं. पंचवीस केसमधल्या सहा सासूबाईंच्या आहेत. शेवंतीकाकू, पाय चेपायला पाचव्या दिवशी सुरुवात केली, विसाव्या दिवशी त्यांनी स्वतःहून सांगितलं की उजव्या खांद्याचं पण बघ. आता शेजारच्या काकूंना त्याच सांगतात, "आमची सून शिकलेली आहे, आधी वहीत लिहून घेते."

स्पाला गेले नाही. बाळंतिणींचंच काम घेतेय, सध्या सकाळी तीन घरं, चौथं मुद्दाम घेत नाही. दर महिन्याला १९-२० हजार येतात, जुना पगार २६ होता, म्हणजे कमीच आहेत अजून. पहिल्या दिवशी डॉक्टरांचा डिस्चार्जचा कागद बघते आणि रोज सुरुवातीला दोन्ही पोटऱ्या शेजारी-शेजारी ठेवून बघते, मग तेलाची वाटी उघडते. गेल्या महिन्यात एका मुलीची डावी पोटरी बोटभर जास्त वाटली, गरम लागली. तिच्या आईला राग आला की पैसे घेते आणि हात लावत नाही. मी रिक्षा बोलावून त्यांच्याबरोबर हॉस्पिटलला गेले, दोन तास बाकावर बसले. सोनोग्राफी नॉर्मल आली, स्नायू आखडला होता. डॉक्टर बाईंनी बाहेर येऊन विचारलं की कुणी पाठवलं, आणि माझा नंबर घेतला. या आठवड्यात त्यांच्याकडून दोन बाळंतिणी आल्यात, एकीचं घर पंचवटीत, तिथे उद्या सकाळी सातला जायचंय.

मांडवीकाठ
रानजाई गं 🌸 अंगठे कसे आहेत?

रानजाई
ठणठणीत ताई. घरोघरी टेबल नसतं ना, म्हणून जाड सतरंजी आणि गुडघ्याखाली घ्यायला एक उशी बरोबर नेते, जोर मागच्या टाचेऐवजी मांडीतून घ्यायला मॅडमनी वेगळं शिकवलं. फोटो काढून टाकते उद्या.